मोटारीच्या दिव्यांचा कारभार

साताऱ्याहून पुण्यास येतांना खंबाटकीच्या बोगद्यांत शिरलें कीं आमच्या मोटारीचे दिवे आपोआप लागतात. परंतु ते लागत उशिरां. डोळे कांहीं क्षण अंधारांत चांचपडत राहत. गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें स्टिअरिंगखालच्या खोबणींत एक लहानसें यंत्र खोंचलें, लॅपटॉपवर दिव्यांचें पान उघडलें, जुना आंकडा वहींत टिपून घेतला व त्या जागीं दुसरा लिहिला. पेंचकसास हातही लागला नाहीं. पण दिवे वेळेवर लागूं लागले. दिवे केव्हां लागावे हें ठरविण्याचा अधिकार हातांतून निघून आंकड्यांत कसा जाऊन बसला, हें पाहण्याची इच्छा आम्हांस तेव्हांपासून झाली.

आरंभीं हा अधिकार सर्वस्वीं हाताचा होता. पहिल्या मोटारींस तेलाचे किंवा अ‍ॅसिटिलीन वायूचे दिवे असत व ते काडीनें पेटवावे लागत. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांच्या योजनेनें स्टार्टर, इंजिनांतील ठिणगी व दिवे हीं तिन्ही विजेच्या एकाच व्यवस्थेखालीं आलीं, आणि काडीचें काम बटणाकडे गेलें. दिवे प्रखर झाले तशी नवी अडचण उभी राहिली. आपला प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरून त्यास आंधळा करूं लागला. १९२४ च्या सुमारास जर्मनींत एकाच बल्बांत दूरच्या व खालच्या प्रकाशासाठीं दोन निराळ्या तारा बसविण्यांत आल्या. प्रकाश खालीं आणण्याचें साधन झालें. तें वापरण्याची सुबुद्धि मात्र चालकाच्या स्वाधीन राहिली.

या सुबुद्धीवर विसंबूं नये असें जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांस वाटलें असावें. १९५२ सालीं त्यांनीं ‘ऑट्रॉनिक आय’ नांवाचा प्रकाशग्राही डोळा बाजारांत आणला. समोरच्या मोटारीचा उजेड त्यावर पडला कीं आपले दिवे आपोआप खालीं येत. पुढें १९६० नंतरच्या दशकांत कॅडिलॅकच्या ‘ट्वायलाइट सेंटिनल’ योजनेनें सांज होतांच दिवे लावण्याचें व मोटार थांबल्यावर ते कांहीं वेळ जळत ठेवण्याचें काम पत्करिलें. तो वेळ किती असावा हें मालक आपल्या हातानें ठरवीत असे. यंत्र स्वयंचलित झालें, तरी त्याची कळ घरधन्याच्या बोटाखालीं होती.

ती कळ दृष्टीआड केली संगणकानें. बॉश कंपनीनें १९८६ सालीं ‘कॅन’ नांवाची संदेशवाहक व्यवस्था जाहीर केली व १९९१ पासून ती मोठ्या मोटारींत आली. पूर्वी बटण दाबलें कीं दिव्याकडे वीज जाई. आतां बटणाकडून केवळ निरोप जातो आणि दिवा लावावयाचा कीं नाहीं हें संगणक ठरवितो. आरशामागील सेन्सर बाहेरचा उजेड मोजून कळवितो. तो किती कमी झाला म्हणजे सांज समजावी, घरीं पोंचल्यावर दिवे किती सेकंद ठेवावे, हीं सारीं उत्तरें त्या संगणकाच्या स्मृतींत आंकड्यांच्या रूपानें लिहिलेलीं असतात.

तेथवर जाणारें दार मात्र भलत्याच कामासाठीं उघडलें गेलें. मोटारींच्या धुरावर नजर ठेवतां यावी म्हणून अमेरिकेनें १९९६ सालच्या मोटारींपासून प्रत्येकींत ओबीडी-२ ही तपासणीची व्यवस्था व सोळा टोंकांची एकाच नमुन्याची खोबण सक्तीची केली. युरोपनें २००१ पासून पेट्रोलच्या नव्या मोटारींस तसाच नियम लाविला. धुरासाठीं केलेल्या या दारानें पुढें दिव्यांचाही कारभार चालूं लागला. फोक्सवॅगन समूहाच्या मोटारींसाठीं पेन्सिल्व्हानियांतील रॉस-टेक या लहान कंपनीनें काढलेलें ‘वॅग-कॉम’, पुढील ‘व्हीसीडीएस’, आणि फोर्डसाठीं वापरलें जाणारें ‘फोरस्कॅन’ हीं सॉफ्टवेअरें याच मार्गानें आंत जातात. पूर्वी अधिकृत कारखान्यांतच होणारें काम त्यांमुळें घरच्या अंगणांत होऊं लागलें.

यापुढील झगडा हक्काचा आहे. आपल्याच मोटारींतील आंकडा वाचण्यास मालक मुखत्यार आहे काय? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०१५ सालीं दुरुस्ती व कायदेशीर फेरफार यांपुरतें सॉफ्टवेअरचें कुलूप उघडण्याची मुभा मोटारमालकांस दिली, हें आमच्या मतें योग्यच झालें. परंतु दिव्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. औडी कंपनीनें २०१३ सालीं युरोपांत असे दिवे आणले कीं जे समोरच्या मोटारीपुरता प्रकाश झांकून बाकीचा रस्ता उजळीत ठेवतात. अमेरिकेच्या जुन्या नियमास उंच व खालचा एवढेच दोन झोत ठाऊक असल्यामुळें तेथें या दिव्यांस २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत परवानगी मिळाली नाहीं. तोंवर असे दिवे असलेल्या कांहीं मोटारी तेथें विकल्या गेल्या त्या हें कौशल्य सॉफ्टवेअरनें मिटवून. अधीर मालकांनीं तें घरीं उघडलें, तर चूक कायद्याची म्हणावी कीं मालकाची? आमच्याकडे उलट टोंक दिसतें. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिन चालू असेतों जळतच राहावा असा नियम आहे. तेथें मालकाच्या मर्जीस वावच ठेविलेला नाहीं.

आम्हांस एक भेद करावासा वाटतो. दिवे बोगद्यांत लौकर लागावे कीं अंगणांत दोन मिनिटें राहावे, हा घरचा प्रश्न आहे. तो आंकडा मालकानें खुशाल बदलावा आणि कंपनीनें त्यास आडकाठी करूं नये. परंतु झोत किती उंच जावा आणि समोरचा मनुष्य दिसल्यावर तो केव्हां खालीं यावा, या आंकड्यांत दुसऱ्याच्या डोळ्यांचा वांटा आहे. तो वांटा लॅपटॉपवर दिसत नाहीं. रात्रीं घाटांतून उतरतांना वळणावर प्रखर झोत अंगावर आला म्हणजे मात्र तो कोणाचा होता हें आपणांस चांगलेंच समजतें.