देवळीची नोंद : ताम्रपटापासून विकिपीडियापर्यंत

वर्धा जिल्ह्यातील देवळी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते मुख्यतः तेथे सापडलेल्या एका ताम्रपटामुळे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने शके ८६२ मध्ये, म्हणजे इ.स. ९४० मध्ये दिलेल्या दानाचा हा लेख असून, ‘नागपूर-नंदिवर्धन’ या विषयातील, म्हणजे तत्कालीन प्रशासकीय विभागातील, एक गाव राजाने आपला धाकटा भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यार्थ एका ब्राह्मणाला दिल्याचे त्यात नमूद आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तो संपादून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केला आणि नागपूर या नावाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख म्हणून तो पुढे सर्वमान्य झाला. नागपूर शहराचा इतिहास सांगणारा विकिपीडियावरील इंग्रजी लेखही या ताम्रपटाचा दाखला देतो. मात्र ज्या गावच्या मातीतून हा पुरावा निघाला, ते गाव अशा लेखांत केवळ ‘वर्ध्याजवळील देवळी’ एवढ्या उल्लेखापुरते येते आणि मागे पडते.

एखाद्या गावाविषयी कोशात काय आणि किती लिहिले जाते, हे त्या गावाच्या खऱ्या मोठेपणावर क्वचितच ठरते. त्याच्याविषयीचे लिखाण कोणी केले, कशासाठी केले आणि ते कोठे साठून राहिले, यावर ते बव्हंशी ठरते. मराठी प्रदेशातील कोशरचनेचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास देवळीसारख्या कापसाच्या पेठेच्या गावी उभे राहून पाहिला, तर विकिपीडियावरील स्वयंसेवी संपादकांनी या परंपरेत नेमके काय बदलले आणि काय त्यांच्याही हाताबाहेर राहिले, हे अधिक स्पष्ट दिसते.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासू लागली होती, ते हे दशक. नव्या जिल्ह्याचे छापील वर्णन १८७० च्या मध्य प्रांतांच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे प्रदेशवर्णनाच्या सरकारी ग्रंथात, चार्ल्स ग्रँट यांच्या संपादनाखाली आले. पुढे १९०६ मध्ये आर. व्ही. रसेल यांनी वर्धा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर तयार केले आणि १९०७ ते १९०९ या काळात ‘इंपीरियल गॅझेटियर’चे सव्वीस खंड निघाले. या ग्रंथांत गावाची ओळख लोकसंख्या, आठवडी बाजार, सरकी काढण्याचे व रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने, नगरपालिकेचे उत्पन्न, जवळचे रेल्वे स्टेशन अशा मुद्द्यांनी करून दिली जाते, कारण महसूल आणि व्यापार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हव्या असलेल्या गोष्टी त्याच होत्या. माहिती पुरवणारे मात्र पटवारी, मालगुजार म्हणजे सारा भरण्याची जबाबदारी असलेले जमीनदार, आणि तहसिलीतले कारकून असे स्थानिक लोकच होते. त्यांची नावे ग्रंथात नाहीत, आणि आपल्या गावाविषयी काय छापले गेले आहे हे वाचण्याची वा दुरुस्त करण्याची सोय त्यांना नव्हती. गॅझेटियरची शिस्त आणि त्यातील आकड्यांची विश्वसनीयता मान्य करूनही ही उणीव लहान म्हणता येत नाही.

मराठीतून सर्वविषयसंग्रह करण्याचा पहिला भव्य प्रयत्न विदर्भातच रुजला, ही गोष्ट महाराष्ट्रात पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरला झाला, त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीला झाले आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवून परतल्यावर त्यांनी ज्ञानकोशाचा संकल्प सोडला तो नागपुरात. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ’ ही मर्यादित भागभांडवलाची कंपनी नागपूरची होती. लेखन-छपाईचे काम पुढे पुण्यात चालले. सरकारी आश्रय नसलेल्या या कामासाठी भाग विकावे लागले, वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव हिंडावे लागले, आणि १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड असून त्यांत वेदविद्या, बुद्धपूर्व जग, विज्ञानेतिहास अशा विषयांची सलग मांडणी आहे. त्यानंतर अकारविल्हे नोंदींचे खंड येतात आणि बाविसावा खंड सूचीचा आहे. या उद्योगाची हकीकत केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे सहकारी याच कामातून तयार झाले आणि त्यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. म्हणजे ज्ञानकोश हे पुस्तक जितके, तितकीच ती कोशकारांची शाळाही होती.

तरीही गावांच्या नोंदींपुरते पाहिले, तर केतकरांना फारसे पुढे जाता आले नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडातील गावागावांत माणसे पाठवून नवी माहिती जमवणे त्यांच्या आर्थिक ओढाताणीत शक्य नव्हते, त्यामुळे अशा अनेक नोंदी इंपीरियल गॅझेटियरच्या आधारानेच लिहिल्या गेल्या. अधिकाऱ्याच्या गरजेतून तयार झालेले गावाचे चित्र अशा रीतीने मराठीत आले आणि मराठी वाचकाचेही झाले.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन मोठ्या उपक्रमांचा येथे थोडक्यात उल्लेख पुरेसा आहे. महादेवशास्त्री जोशी यांच्या ‘भारतीय संस्कृतिकोशा’ने तीर्थे, दैवते आणि लोकाचार यांना दहा खंडांत जागा दिली. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये स्थापन केलेल्या साहित्य संस्कृती मंडळाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले; त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि वीस खंडांची मालिका पूर्ण व्हायला २०१५ उजाडले. विषयतज्ज्ञाने लिहायचे, संपादकाने तपासायचे, परिभाषा ठरवून घ्यायची, ही या कोशाची पद्धत, आणि तिच्यामुळेच त्यातील विज्ञान व तत्त्वज्ञानविषयक नोंदी आजही आधारभूत वाटतात. परंतु जगातील सर्व विषयांना मर्यादित पाने वाटून देणाऱ्या अशा ग्रंथात जिल्ह्याला सविस्तर नोंद मिळाली तरी तालुक्याच्या गावाला फार तर एखादा परिच्छेद मिळणार, हे उघड आहे.

विकिपीडियाची सुरुवात १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीतून झाली. तिच्या आधीचा ‘न्यूपीडिया’ हा प्रकल्प मराठी विश्वकोशाप्रमाणेच तज्ज्ञांकडून लिहून घेऊन अनेक टप्प्यांत तपासण्याचा होता, आणि त्याची गती इतकी मंद होती की जोडीला कोणालाही पान बदलता येईल असे ‘विकी’ संकेतस्थळ सुरू करावे लागले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. आरंभीच्या संपादकांत मोठ्या शहरांत व परदेशांत राहणारे, संगणकाच्या क्षेत्रातले मराठी लोक ठळक होते, कारण देवनागरी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या समान संकेतांत, टंकित करण्याची सोय त्या काळी त्यांच्याच आवाक्यात होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या छापखान्यांत आणि कार्यालयांत तेव्हा श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे टंक वापरले जात आणि त्यांत केलेला मजकूर विकिपीडियावर जसाच्या तसा उतरत नसे. ज्याच्या गावाची माहिती हवी, त्याच्याच हातात लिहिण्याचे साधन नाही, अशी ही पहिली अडचण होती. मोबाइलवर मराठी लिहिणे सुलभ झाल्यावर ती बरीचशी दूर झाली.

या संपादकांनी कामाची जी रीत बसवली ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चापान असते आणि एक इतिहास असतो. इतिहासाच्या पानावर प्रत्येक बदलाची एक ओळ उमटते: तारीख, वेळ, बदल करणाऱ्याचे सदस्यनाव, मजकूर किती वाढला वा घटला याचा आकडा आणि बदलाचे कारण सांगणारी छोटी टीप. कोणतीही जुनी आवृत्ती उघडून नव्याशी ताडून पाहता येते आणि बदल चुकीचा असल्यास उलटवता येतो. सर्वांनी मिळून ठरवायच्या गोष्टींसाठी ‘चावडी’ नावाचे पान आहे, मते अजमावण्याला ‘कौल’ म्हणतात, नवख्याला सराव करण्यासाठी ‘धूळपाटी’ दिलेली आहे, एकसुरी कामे करणारी संगणकीय आज्ञावली ‘सांगकाम्या’ म्हणून ओळखली जाते, आणि पान वगळण्याचा किंवा सुरक्षित करण्याचा अधिकार मिळालेल्या सदस्याला ‘प्रचालक’ म्हणतात. या संपादकांपैकी कोणालाही मानधन नाही. गॅझेटियरच्या पटवाऱ्याचे नाव लोपले होते. येथे एक वेलांटी दुरुस्त करणाऱ्याच्या कामाचीही नोंद राहते. कोशवाङ्मयाच्या इतिहासात एवढे मोठे स्थित्यंतर दुसरे झालेले नाही.

देवळीसारख्या गावाच्या बाबतीत या रीतीचा लाभ आणि मर्यादा दोन्ही दिसतात. देवळी नावाची गावे अनेक असल्यामुळे लेखाच्या नावात जिल्ह्याचा उल्लेख करणे किंवा सारख्या नावांचे लेख वेगळे दाखवणारे ‘निःसंदिग्धीकरण’ पान करणे आवश्यक ठरते. राजस्थानातील देवळी, जेथे ब्रिटिश काळात स्थानबद्धांची छावणी होती, ती आणि वर्ध्याची देवळी यांची गल्लत वाचकाकडून सहज होऊ शकते. लाभाचे उत्तम उदाहरण रेल्वेचे देता येईल. मुंबई-नागपूर लोहमार्ग पुलगाव-वर्ध्यावरून गेल्यामुळे दीडशे वर्षे देवळी त्या मार्गाबाहेर राहिली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा देवळीवरून जाणारा वर्धा-कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीस खुला झाला. ही गोष्ट छापील कोशात येण्यास नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागली असती. विकिपीडियावर ती त्याच दिवशी, वर्तमानपत्रातील बातमीचा संदर्भ देऊन, गावातील कोणीही लिहू शकत होते.

मर्यादा दिसते ती खेड्यांच्या लेखांत. मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातील हजारो गावांचे छोटे लेख आहेत आणि त्यांपैकी अनेकांचा सांगाडा एकच आहे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. हवामानाची वाक्ये गावोगाव सारखीच, आणि लोकजीवनाखालची जागा बहुतेक रिकामी. या लेखांना निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण ज्या गावाचे नाव आजवर कोणत्याच कोशात नव्हते त्याला किमान एक पान मिळाले आणि पुढच्या संपादकाला लिहायला जागा झाली. पण रिकामे मथळे भरून निघत नाहीत त्याचे कारण संपादकांचा आळस नव्हे. विकिपीडियाचा पायाभूत नियम पडताळणीचा आहे: मजकूर आधी कोठेतरी विश्वसनीय स्वरूपात प्रसिद्ध झालेला असला पाहिजे, संपादकाचे स्वतःचे संशोधन वा ऐकीव माहिती तेथे चालत नाही. हा नियम नसता तर कोश अफवांनी भरला असता, म्हणून तो योग्यच आहे. मात्र त्याचा भार सर्व गावांवर सारखा पडत नाही.

याच जिल्ह्यातील सेवाग्रामशी तुलना केली म्हणजे हे ध्यानात येते. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले, त्या गावाला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले आणि तेथल्या दिनक्रमाविषयी पत्रे, दैनंदिन्या, आठवणी आणि शंभर खंडांचे संकलित वाङ्मय उपलब्ध झाले. वर्ध्यापासून जेमतेम १८ किलोमीटरवर असलेल्या देवळीबद्दल मात्र राष्ट्रकूटांचा ताम्रपट, गॅझेटियरांतील वर्णने, जनगणनेची कोष्टके आणि वर्तमानपत्रांतील बातम्या एवढेच साहित्य सहज हाती लागते. मिरणनाथ महाराजांच्या देवस्थानाची परंपरा, कापसाच्या बाजारातील आडत आणि हमाली यांची रीत, जिनांत, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यांत, सरकी वेचणाऱ्या बायांचे काम हे सारे गावातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, परंतु संदर्भ म्हणून दाखवता येईल असे त्याचे लेखन विरळा. ऐकीव म्हणून ते विकिपीडियाच्या दाराशी अडते, आणि लिहिले गेले नाही तर पुढच्या पिढीबरोबर संपते.

म्हणून गावाच्या लेखाचे खरे काम विकिपीडियाच्या आधी सुरू होते. शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, नगरपालिकेची जुनी इतिवृत्ते आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केलेली गावांची सर्वेक्षणे ही सारी संदर्भयोग्य साधने होऊ शकतात. त्यांतील जुनी, प्रताधिकाराची मुदत संपलेली पुस्तके विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात टंकित करून ठेवता येतात. संस्थांनी मनावर घेतले तर काय घडते, याचे उदाहरण शेजारच्या गोव्याने घालून दिले आहे: गोवा विद्यापीठाने २०१३ साली चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कोणीही वापरावा अशा अटीवर, खुला केला. केतकरांचा ज्ञानकोशही यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या प्रयत्नातून आज आंतरजालावर वाचता येतो.

देवळीतील आणि तालुक्यातील शिक्षक, ग्रंथपाल आणि विद्यार्थी यांनी आपल्या घरांतील, शाळांतील आणि वाचनालयांतील असे कागद वाळवीच्या हाती जाण्यापूर्वी बाहेर काढावेत, वृद्धांकडून बाजाराची, जिनांची आणि देवस्थानाची माहिती टिपून ती नावानिशी छापावी, आणि मग देवळीचे पान उघडून संदर्भासह पहिली ओळ लिहावी.