मूळचा टवाळ

डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात, ‘ओके’. वायरमन बटण दाबून बघतो आणि म्हणतो, ‘ओके’. इतका सरळमार्गी, पापभीरू शब्द दुसरा नसेल. कूळ शोधायला गेलं, तर हा निघतो एका वात्रट वर्तमानपत्राच्या घरचा.

१८३०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या पत्रकारांना आद्याक्षरांचं वेड लागलं होतं. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर ‘सा. न. वि. वि.’ लिहीत, ते रीत म्हणून. बॉस्टनकरांचा रोख चेष्टेवर होता. आधी शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम अडाण्यासारखं मोडायचं, मग त्या मोडक्या स्पेलिंगची आद्याक्षरं घ्यायची. ‘नो गो’, म्हणजे जमायचं नाही, याचं झालं ‘के. जी.’. ‘ऑल राइट’चं ‘ओ. डब्ल्यू.’. त्याच चालीवर ‘ऑल करेक्ट’मधल्या ए आणि सी यांना हाकलून ओ आणि के आणून बसवले. ‘सगळं बरोबर’ सांगणारी दोन अक्षरं, आणि दोन्ही चूक!

२३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ती छापून आली. निमित्त काय, तर जेवणाची घंटा वाजवण्यावरच्या बंदीची टिंगल करणारी एक मंडळी, तिची सहल आणि त्यावरून प्रॉव्हिडन्सच्या वर्तमानपत्राशी चाललेली थट्टामस्करी. वाचकाला कळावं म्हणून ‘ओ. के.’पुढेच अर्थही दिला होता.

असले विनोद वर्षभरात शिळे होतात. ‘ओ. डब्ल्यू.’, ‘के. जी.’ गेलेच. ओकेला वाचवलं ते निवडणुकीनं. १८४०मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून समर्थक त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणू लागले आणि न्यूयॉर्क शहरात ओ. के. क्लब निघाला. विरोधी व्हिग पक्षही कमी नव्हता. त्यानं त्याच अक्षरांतून ‘आउट ऑफ कॅश’ काढलं. कॅश अर्थातच ‘के’नं. शिवाय आवई उठवली, की आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे, म्हणून मंजुरीच्या कागदावर ते ओ. के. खरडत. ही थाप पुढे कित्येक दशकं लोकांनी खरी मानली. व्हॅन ब्युरन पडले; शब्दाचा मात्र देशभर फुकट प्रचार झाला होता. पुढे तारयंत्र आलं, आणि ‘संदेश पोचला’ एवढं सांगायला तारबाबूंना दोन अक्षरं पुरली. तिथे टवाळी संपली, नोकरी लागली.

थोर शब्दाला दावेदारही फार. अमेरिकेतल्या मूळनिवासी चॉक्टॉ भाषेत तो सापडतो असं म्हणणाऱ्यांत राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनही होते. ते चॉक्टॉ थाटाचं स्पेलिंग लिहीत. अखेर कोलंबिया विद्यापीठाच्या ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग उपसले आणि १९६३-६४मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात हा वाद जवळपास मिटवला. एरवी कुणी शब्दाचा ‘फुलफॉर्म’ सांगू लागलं की मी सावध होतो. दहांतले नऊ मागाहून रचलेले असतात. हा दहावा.

मराठीनं यात भर घातली ती एका ‘क’ची. जून २०२२मध्ये पक्षातून फुटलेल्या आमदारांसोबत गुवाहाटीच्या हॉटेलात असलेले सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. झाडी, डोंगार, हाटील, सगळं ‘ओक्के’ असल्याचा तो निरोप महाराष्ट्रभर पाठ झाला. ऑगस्टच्या अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी फुटलेल्या आमदारांवर पैसे घेतल्याचा आरोप करत त्याच ‘ओक्के’ला ‘पन्नास खोके’चं यमक जोडलं. व्हिगांनाही आधी पैसाच आठवला होता.