आजीबाईचा बटवा : घरगुती वनौषधींचा इतिहास

घरातील लहानसहान दुखण्यांवर उपयोगी पडणाऱ्या, वाळवून ठेवलेल्या वनस्पतिज द्रव्यांच्या संग्रहास महाराष्ट्रात ‘आजीबाईचा बटवा’ असे म्हणतात. सुंठ, हळकुंड, वेखंड, हिरडा, जायफळ, मायफळ, मुरडशिंग, वावडिंग, पिंपळी व ज्येष्ठमध ही त्यातील नेहमीची द्रव्ये होत. यांच्या जोडीला परसातील तुळस, अडुळसा, गवती चहा व कोरफड या वनस्पती ताज्याच वापरीत. बाळगुटीची द्रव्ये सहाणेवर उगाळीत. मात्रा वजनाने नव्हे, तर वेढ्यांनी मोजीत आणि बाळाच्या वयाबरोबर ती वाढवीत. कोणत्या द्रव्याचे किती वेढे द्यावयाचे, हे सहसा लिहून ठेवलेले नसे. आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे ते पाहण्याकरण्यातून जाई.

लोकव्यवहारातील हे ज्ञान आणि वैद्यकशास्त्र यांचा संबंध प्राचीन आहे. शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी हे औषधींना नावाने व रूपाने ओळखतात, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. तथापि केवळ नाव व रूप जाणल्याने औषधीचे ज्ञान पुरे होत नाही, तिची योजना कळली पाहिजे. अज्ञात औषधी विषासमान होय, असेही तेथेच बजावले आहे. घरगुती उपचारांचे सामर्थ्य व त्यांची मर्यादा या दोहोंची जाण या विवेचनात दिसते.

पश्चिम किनाऱ्यावरील वनौषधींचे यूरोपीय भाषांतील लेखन सोळाव्या शतकात सुरू झाले. १५३४ मध्ये गोव्यास आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने हळद, आले, वेखंड इ. द्रव्यांची चर्चा करणारा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापून प्रसिद्ध केला. १५६७ मध्ये क्लूझियसने केलेल्या लॅटिन संक्षेपामुळे तो यूरोपभर पोहोचला. पुढे कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे निघाला. त्यातील माहिती मुख्यतः इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची असून रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांनीही त्यास साहाय्य केले. त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डिमॉक, वॉर्डन व हूपर यांनी फार्माकोग्राफिया इंडिका (१८९०–९३) या ग्रंथात देशी औषधींचे रासायनिक व व्यापारी वर्णन दिले. यांपैकी बहुतेक नोंदी वैद्य व व्यापारी यांच्याकडून मिळालेल्या आहेत. स्वयंपाकघरात औषध उगाळणाऱ्या स्त्रीचे नाव त्यांत क्वचितच आढळते.

विसाव्या शतकात दवाखाने व तयार औषधे यांचा प्रसार झाला आणि बटव्याचे महत्त्व ओसरू लागले. याच काळात आयुर्वेदाच्या संघटनेचे प्रयत्नही झाले. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नासिक येथे आयुर्वेद महामंडळाची स्थापना झाली.

अलिखित ज्ञानाच्या दुर्बलतेचा प्रत्यय शतकाच्या अखेरीस आला. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबाबतचे एकस्व १९९५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांना देण्यात आले. भारतातील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर हे तिचे महासंचालक असताना, त्यास १९९६ मध्ये आव्हान दिले. जखमेवर हळद दाबण्याचा प्रघात घरोघरी असला, तरी पुराव्यादाखल लिखित आधारच सादर करावे लागले. संस्कृत, उर्दू, हिंदी इ. भाषांतील ३२ संदर्भ दाखल झाले आणि १९९७ मध्ये एकस्व रद्द ठरले. या अनुभवानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे कार्य सुरू झाले. त्याचा आधार मुख्यतः ग्रंथ हाच असल्याने, ग्रंथात न आलेले ज्ञान अद्याप बरेचसे असुरक्षित आहे.

नोंद करणे म्हणजे प्रत्येक उपाय निर्दोष मानणे नव्हे. अडुळशातील व्हॅसिसीन या अल्कलॉइडावरून ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, हे परंपरेच्या बाजूचे उदाहरण होय. उलट वेखंडातील बीटा-ॲसारोन या घटकामुळे प्राण्यांत अर्बुदे होतात असे आढळल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये अन्नपदार्थांत वेखंड वापरण्यास मनाई केली. पहिले सहा महिने बाळास केवळ स्तनपान द्यावे, असे आधुनिक बालरोगविज्ञान सांगते; त्या वयात बाळगुटी देणे आता इष्ट मानले जात नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला व त्याच वंशातील दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असण्याची शक्यता दर्शविली. जुन्या व्यवस्थेत वेल ओळखणारी व्यक्ती घरात किंवा गावात असे. बाजारातून आणलेल्या चूर्णात ती ओळख राहत नाही. बटव्यातील द्रव्ये आजही सहज मिळतात. दुर्मिळ होत चालले आहे ते त्यांची पारख, मात्रा आणि ती केव्हा देऊ नयेत याचे भान. ते ज्यांच्यापाशी आहे, त्या पिढीकडून ते नोंदवून घेणे आणि प्रयोगाने पडताळणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी होणे आवश्यक आहे.