पालक-शिक्षक संघ म्हणजे काय? शाळेची फी ठरवण्यात पालकांचा हात किती?

शाळा सुरू झाली की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना येते, 'पालक-शिक्षक संघासाठी इच्छुक पालकांनी नावे द्यावीत.' बहुतेक जण ती वाचून सोडून देतात. पुढे फीवाढ झाली की त्याच ग्रुपवर गदारोळ होतो. या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे.

महाराष्ट्रातील खासगी शाळांसाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा. सर्व शिक्षक आणि पालक त्याचे सदस्य असतात, पण खरे अधिकार कार्यकारी समितीकडे असतात. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असले तरी उपाध्यक्ष पालकच असतो. शिवाय प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक घेतला जातो. पालक सदस्य इच्छुकांमधून सोडत काढून निवडायचे असतात. 'आमच्या शाळेत कोणाला घेतात ते कळतच नाही' ही तक्रार नेहमीची आहे; पण सदस्यांची यादी सूचना फलकावर लावणे शाळेला बंधनकारक आहे.

ही समिती केवळ स्नेहसंमेलनात खुर्च्या मांडण्यासाठी नसते. नव्या फीचा प्रस्ताव शाळेने पुढील शैक्षणिक वर्षाच्या किमान सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवायचा असतो. म्हणजे जूनमध्ये हातात पडणाऱ्या फीची चर्चा आदल्या दिवाळीच्या सुमारासच सुरू व्हायला हवी. शाळेतील सोयी, शिक्षकांचे पगार, देखभालीचा खर्च पाहून समिती निर्णय घेते आणि ठरलेली फी दोन वर्षे लागू राहते. शाळा आणि समिती यांच्या आकड्यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर शाळा विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर पालकही तिथे दाद मागू शकतात, मात्र त्यासाठी २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. एकट्यादुकट्याचे तिथे चालत नाही.

बसच्या वेळा, स्वच्छतागृहे, दप्तराचे ओझे हे विषयही संघात मांडता येतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांतील शाळा व्यवस्थापन समिती वेगळी. ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांना असतात.