जखमी सायकलस्वार आणि न्यायाची वाट

वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणारा पांच मैलांचा रस्ता देशाच्या इतिहासांत प्रसिद्धि पावलेला आहे. इ. स. १९३६ च्या एप्रिल महिन्यांत महात्मा गांधी शेगांवीं राहावयास गेले. तेंच शेगांव १९४० मध्यें सेवाग्राम झालें. महादेवभाई देसाई आरंभीं मगनवाडीहून तेथवर पायींच येजा करीत. बैलगाड्या, टांगे, सायकलस्वार आणि क्वचित् धुरळा उडवीत जाणारी मोटार, अशी त्या काळची वर्दळ. या रस्त्यानें कोण थोर पुरुष गेले हें पुष्कळांना ठाऊक असतें. परंतु त्याच रस्त्यावर एखाद्या गरीब सायकलस्वारास मोटारीची धडक बसून त्याचा पाय मोडला असता, तर कायद्यानें त्याच्या पदरांत काय पडलें असतें?

फारसें कांहीं नाहीं, हेंच त्याचें उत्तर. पोलिसांत वर्दी जाई, पंचनामा होई आणि निष्काळजीपणानें गाडी हांकल्याबद्दल चालकावर दंडविधानाप्रमाणें खटला चाले. साध्या दुखापतीच्या ३३७ व्या कलमाखालीं दंडाची कमाल मर्यादा पांचशें रुपये होती. या दंडांतून जखमीस कांहीं देवविण्याचा अधिकार न्यायाधीशास होता खरा; परंतु मुळांत दंडच लहान, तेथें वांटा तो कितीसा निघणार?

दुसरी वाट दिवाणी दाव्याची. तींत न्यायालयाची फी आधीं भरावी लागे, वकील द्यावा लागे आणि चालकाचा निष्काळजीपणा साक्षीपुराव्यानें सिद्ध करावा लागे. हें सारें करावयाचें कोणीं? तर जो खाटेवर पडला आहे त्यानें! सायकलस्वार मृत्यु पावला, तर १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता. माणसाबरोबर त्याचा दावाहि मरतो, असें जुनें इंग्रजी तत्त्व होतें. तें बाजूस सारणारा कायदा विलायतेंत १८४६ मध्यें लॉर्ड कॅम्बेल यांच्या प्रयत्नानें झाला व त्याच धर्तीवर येथील कायदा निघाला. त्याचा लाभ पतिपत्नी, आईबाप व मुलें यांनाच मिळे. भावाच्या कमाईवर जगणाऱ्या बहिणीस त्यांत स्थान नव्हतें. शिवाय हुकूमनामा मिळाला तरी पैसा वसूल कोणाकडून करावयाचा, हा प्रश्न उरेच.

या शेवटच्या अडचणीवर पहिला उपाय निघाला तो विम्याचा. ब्रिटनमध्यें १९३० च्या कायद्यानें मोटारवाल्यास त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला. हिंदुस्थानांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत तशीच तरतूद झाली. परंतु ती अमलांत यावयास १ जुलै १९४६ हा दिवस उजाडावा लागला. तेव्हांपासून जखमी सायकलस्वारास विमा कंपनी हा पैसे देण्याची ऐपत असलेला प्रतिपक्ष मिळाला.

दुसरें पाऊल न्यायासनाचें. १९५६ च्या नोव्हेंबरांत वर्धा जिल्हा मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला. पुढील फेब्रुवारींत अपघाताच्या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें नेमण्याची तरतूद देशभर अमलांत आली. दिवाणी दाव्याचा लांबलचक खटाटोप टळून साध्या अर्जावर काम चालूं लागलें.

तरीहि चालकाची चूक दाखविण्याचें ओझें जखमीच्याच शिरावर होतें. मुंबईंतील एका अपघाताच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७७ मध्यें सांगितलें कीं, निष्काळजीपणा सिद्ध झाल्याविना भरपाई नाहीं. ज्या अपघातास साक्षीदारच नाहीं, तेथें काय करावें? तेव्हां १९८२ मध्यें संसदेनें कायदा सुधारला आणि कोणाचीहि चूक न दाखवितां मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याचें ठरविलें. रक्कम लहान, पण तत्त्व मोठें! सायकलीस दिवा नव्हता, एवढ्या सबबीवर ही भरपाई नाकारतां येईना किंवा कमीहि करतां येईना. १९८७ मध्यें मृताच्या भावासहि मोटार कायद्याखालीं वारस म्हणून दावा सांगतां येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. १८५५ च्या कायद्यानें बंद ठेवलेलें एक दार अशा रीतीनें उघडलें.

१९८८ च्या नव्या कायद्यानें व त्याच्या १९९४ च्या दुरुस्तीनें आणखी एक मोठी सोय केली. अपघात कोठेंहि होवो, जखमीस स्वतः राहतो तेथील न्यायाधिकरणांत अर्ज करतां येऊं लागला. हिंगणघाटचा मनुष्य नागपुरास धडक बसून पडला, तरी त्याला वर्ध्यास दाद मागतां येते. २०१९ ची दुरुस्ती या बाबतींत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. चूक न दाखवितां मिळणारी भरपाई तिनें मृत्यूस पांच लाख व जबर दुखापतीस अडीच लाख केली. धडक देऊन पळालेली गाडी सांपडलीच नाहीं, तर दोन लाख व पन्नास हजार मिळतात. त्यासाठीं उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावयाचा असतो.

या इतिहासांत एक गोष्ट मात्र सरळ पुढें गेली नाहीं, ती मुदतीची. आरंभीं अर्जास साठ दिवस होते. १९७० पासून सहा महिने झाले. १९९४ मध्यें मुदतीची अट सर्वस्वीं काढली गेली. आणि २०२२ पासून सहा महिन्यांची अट पुन्हां आली. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. परंतु जखमीनें त्या वादाच्या भरंवशावर बसूं नये. हाड जुळावयास तीन महिने लागतात, कामावर परत जाण्यांत आणखी दोन जातात आणि हक्काचा विचार मनांत येतो तेव्हां मुदत उंबरठ्यावर उभी असते.

वकिलाची अडचणहि आतां पूर्वींसारखी राहिली नाहीं. गरिबास विनामूल्य कायदेशीर साहाय्य द्यावें, असें तत्त्व १९७६ च्या दुरुस्तीनें राज्यघटनेंत आलें. १९८७ चा विधि सेवा कायदा १९९५ च्या नोव्हेंबरांत अमलांत आला व जिल्ह्याजिल्ह्यांत विधि सेवा प्राधिकरणें स्थापन झालीं. वर्ध्यासहि तें आहे. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग व अल्प उत्पन्नाचे लोक यांस तेथें वकील विनाशुल्क मिळतो. लोकन्यायालयांत तडजोड झाल्यास तिला हुकूमनाम्याचें बळ येतें व तीवर अपील होत नाहीं. म्हणून तेथें सही करण्यापूर्वीं रकमेचा नीट विचार करावा.

एक उणीव अजून उरलीच आहे. हा सारा डोलारा मोटारीच्या अपघातासाठीं उभारलेला आहे. दोन सायकली एकमेकींवर आदळल्या किंवा बैलगाडीचें जूं लागून कोणी जायबंदी झाला, तर त्याला आजहि त्या जुन्या दिवाणी वाटेनेंच जावें लागतें.

शंभरावर वर्षांच्या या वाटचालींत कायदा जखमीच्या खाटेपर्यंत हळूहळू चालत आला आहे. शेवटचीं चार पावलें मात्र त्याच्या घरच्या माणसांनीं टाकावयाचीं असतात. पोलिसांतील वर्दीची नक्कल, इस्पितळाचे कागद, औषधांच्या पावत्या आणि अपघाताची तारीख, हीं घरांत कोणी जपून ठेवलीं, तर पुढचें काम सुकर होतें. घरांतील शिकलेल्या मुलानें तेवढें केलें, आणि दूधवाला, गिरणीकामगार किंवा शाळेचा शिपाई असा शेजारचा कोणी सायकलीवरून पडला असतां त्याच्या घरींहि हें समजावून सांगितलें, तर या कायद्यांमागें झालेले श्रम सार्थकीं लागतील.