उजेड किती यापेक्षा उजेड कुठे : मोटारसायकलच्या हेडलाइटची शंभर वर्षे

रात्री दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा पांढराशुभ्र झोत डोळ्यांवर आला, की खड्डा, वळण, कडेने चालणारा माणूस हे सारे काही क्षण दिसेनासे होते. हा अनुभव आता देशभर सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. त्याचे खापर बहुधा एलईडीवर फोडले जाते. वस्तुतः एलईडी हा उत्तम प्रकाशस्रोत आहे. दुखणे असे, की जुन्या बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात तो बाहेरून आणून बसवला जातो. यात नेमके काय बिघडते, हे हेडलाइटचा इतिहास पाहिल्यावाचून कळत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकलींवर कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी थेंबाथेंबाने पडे, ॲसिटिलीन वायू तयार होई आणि त्याची ज्योत आरशापुढे जळे. पुढे विजेचा बल्ब आला. अन्वस्ताकार आरशाच्या नाभीतून निघालेला किरण परावर्तनानंतर अक्षाला समांतर जातो, हा शाळेत शिकलेला नियम त्यामुळे खऱ्या अर्थाने कामी आला. ज्योतीपेक्षा टंगस्टनचा तंतू लहान आणि जागेवर स्थिर होता. झोत लांबवर पोहोचू लागला आणि त्याबरोबरच समोरच्याचे डोळे दिपू लागले.

यावर टिकाऊ तोडगा निघाला तो 1925 च्या सुमारास. जर्मनीतील ओसराम कंपनीने ‘बायलक्स’ नावाचा दोन तंतूंचा बल्ब बाजारात आणला. एक तंतू आरशाच्या नाभीवर होता, तो अप्परसाठी. दुसरा नाभीच्या किंचित पुढे होता, तो डिपरसाठी. स्रोत नाभीच्या पुढे सरकला, की आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरून परावर्तित होणारे किरण खाली रस्त्याकडे झुकतात आणि खालच्या अर्ध्या भागावरचे किरण वर उचलले जातात. हे वर जाणारे किरणच समोरच्याच्या डोळ्यांत शिरतात. म्हणून डिपरच्या तंतूखाली धातूची एक छोटी वाटी बसवण्यात आली. खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश ती अडवते. रस्त्यावर वर अंधार, खाली उजेड आणि मधे स्पष्ट कड अशी रचना होते ती या वाटीमुळे. म्हणजे आपल्याच दिव्याचा मोठा हिस्सा जाणूनबुजून टाकून देण्यात हेडलाइटची खरी प्रगती होती.

1971 मध्ये आलेल्या एच-4 या हॅलोजन बल्बने हीच भूमिती कायम ठेवली. भारतातील असंख्य मोटारसायकलींत असणारा 35/35 वॅटचा एचएस-1 बल्ब त्याच घराण्यातला. प्रमाण चाचणीत एचएस-1 च्या डिपरचा प्रकाश सुमारे 525 ल्युमेन, तर एच-4 च्या डिपरचा सुमारे 1000 ल्युमेन धरला जातो. आकडे लहान वाटतात. परंतु प्रकाश योग्य जागी पडला तर ते पुरेसे ठरतात.

आपल्याकडे एके काळी हेडलाइटच्या काचेच्या वरच्या भागाला काळा रंग फासण्याची पद्धत होती. हेतू चांगला होता, पण वरचे भूमितीचे गणित ध्यानात घेतले तर गंमत दिसते. डिपरवर असताना रस्त्याकडे झुकणारे किरण काचेच्या वरच्या भागातूनच बाहेर पडतात. म्हणजे तो काळा पट्टा उपयोगाचा उजेडच अडवत होता.

आता एलईडीकडे येऊ. निळ्या प्रकाशाचा प्रखर डायोड 1993 मध्ये तयार झाला. त्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा प्रकाश मिळवण्यात आला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. 2007 मध्ये लेक्ससच्या एका मोटारीत डिपरसाठी एलईडी वापरली गेली. तिथे दिव्याची संपूर्ण प्रकाशरचना एलईडीसाठीच आखलेली होती. बाजारात सुटा मिळणारा एलईडी बल्ब मात्र जुन्याच परावर्तकात जातो.

तंतू हा काही मिलिमीटर लांबीचा, सर्व बाजूंनी प्रकाशणारा बारीक दंडगोल. एलईडीची चिप चपटी. ती आपल्या समोरच्या बाजूसच प्रकाश टाकते. म्हणून सुट्या बल्बमध्ये एका पातळ पट्टीच्या दोन्ही अंगांना चिपा लावतात. पट्टीच्या जाडीमुळे त्या तंतूच्या मूळ जागेपासून बाजूला सरकतात. हे सरकणे किती महाग पडते, याचा हिशेब सोपा आहे. परावर्तकाचे नाभीय अंतर 25 मिलिमीटर धरू. स्रोत अक्षापासून 1 मिलिमीटर सरकला, तर झोत सुमारे 1/25 रेडियन, म्हणजे 2.3 अंशांनी वळतो. 25 मीटरवर हा फरक तब्बल 1 मीटर होतो. डिपरची कड मात्र साधारणतः एक टक्का उताराची ठेवतात, म्हणजे 25 मीटरवर फक्त 25 सेंटिमीटर खाली. एका मिलिमीटरच्या चुकीपुढे ही शिल्लक कितीशी पुरणार?

खोक्यावरचे ल्युमेन याबाबत काहीच सांगत नाहीत. ल्युमेन म्हणजे सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. विशिष्ट दिशेची तीव्रता कँडेलात मोजतात. शिवाय हे आकडेही तपासून घ्यावेत. डोळ्याला सर्वाधिक जाणवणाऱ्या हिरव्या प्रकाशातही 1 वॅटपासून 683 पेक्षा जास्त ल्युमेन मिळणे अशक्य असते. तेव्हा 20 वॅट घेणाऱ्या बल्बवर 20,000 ल्युमेन छापलेले दिसले, तर तो दावा निसर्गनियमांच्याही पलीकडचा समजावा.

चालवणाऱ्याचीही यात फसगत होते. विस्कटलेल्या झोतामुळे चाकापुढचे चार-पाच मीटर लख्ख उजळतात आणि दिवा उत्तम असल्याचा भास होतो. या जवळच्या उजेडाला डोळा सरावतो आणि दूरचे मंद उजेडातले दिसेनासे होते. थांबायला लागणारे अंतर तर दूरच असते. मागे माणूस बसला, की गाडी मागून दबते आणि झोत आणखी वर जातो, हे वेगळेच.

तरीही लोक हे बल्ब का घेतात, याचा विचार सहानुभूतीने करायला हवा. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीऐवजी थेट इंजिनाच्या कॉइलवर चाले. वेग कमी झाला, की दिवाही मंदावे. खड्ड्यांच्या, अंधाऱ्या रस्त्यावर जास्त उजेड मागणे ही काही हौस नव्हे. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला, तेव्हापासून तर प्रत्येक दिव्याची दिशा इतरांच्याही सुरक्षेचा प्रश्न झाली आहे.

यावर मार्ग निघतो. 2020 मध्ये जर्मनीने एका सुट्या एलईडी बल्बला प्रथमच रस्त्यावर परवानगी दिली, तीही चाचणीत उतरलेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. बल्ब आणि परावर्तक ही जोडी आहे, तिची परीक्षा एकत्रच व्हायला हवी, हे त्यात मान्य केलेले आहे.

आपल्या गाडीची परीक्षा विद्यार्थ्यांना स्वतः करता येईल. सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी सरळ उभी करून वर एकाने बसावे. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि डिपर लावावा. उजेडाची वरची कड त्या रेषेच्या साधारण 10 सेंटिमीटर खाली यायला हवी आणि तिच्यावर बऱ्यापैकी अंधार असायला हवा. बल्ब बदलण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा असे पाहावे. कड पुसट झाली किंवा रेषेवर चढली, तर जुना बल्ब परत बसवावा. उजेड थोडा कमी वाटेल, पण तो रस्त्यावर पडेल आणि समोरून येणाऱ्यालाही रस्ता दिसत राहील.