कापसाची चोरवाट

वाचकहो, 'तस्करी' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर सोन्याची बिस्किटे आणि परदेशी घड्याळे येतात. परंतु शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला कापूस रात्री लपूनछपून राज्याबाहेर न्यावा आणि तो गुन्हा ठरावा, असेही दिवस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले.

पिकाचा मक्ता एकाच्या हाती गेला की चोरवाट निघते, हे जुनेच आहे. 1773 साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्यात आणली. पण शिंदे-होळकरांच्या माळव्यातील अफू पोर्तुगीजांच्या दमणमार्गे चीनला जातच राहिली. अखेर 1830 च्या सुमारास कंपनीने नमते घेतले आणि कर भरून मुंबईमार्गे माल नेण्याचे परवाने दिले.

कंपनीचा मक्ता नफ्यासाठी होता. कापसाचा तसा नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. व्यापारी व अडते यांच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून महाराष्ट्राने 1971 साली कायदा केला आणि 1972 च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा; हमी किंमत आधी आणि रुई विकून नफा उरला तर वाढीव रक्कम मागाहून, अशी ती व्यवस्था होती.

हेतू चांगला, पण व्यवहार कठीण! केंद्रापुढे गाड्यांची रांग, प्रतवारीवरून वाद आणि हप्त्यांनी मिळणारा चुकारा. आमचे आजोबा सिल्लोड तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी. गाडीखाली थंडीत काढलेल्या रात्री आठवून ते म्हणत, "माल माझा, भाव दुसऱ्याचा, आणि पैसे कधी ते अल्लालाच ठाऊक!"

मग शेजारी भाव चढला की कापूस चोरवाटेने गुजरात, मध्य प्रदेश आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील आदिलाबादकडे निघे. गरजू शेतकरी घरीच रोखीने माल देई. त्यावर कमाई करी तो व्यापारी. 10 डिसेंबर 1986 रोजी हिंगोलीजवळ सुरेगाव येथे कापूसभावाच्या आंदोलनावर गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. प्रश्न किती पेटला होता, हे यावरून कळते.

गंमत अशी, की बाहेरचा बाजार पडला आणि इथली सरकारी किंमत चढी राहिली, म्हणजे हीच वाट उलटी वाहू लागे. परराज्यातील कापूस आपल्या केंद्रांवर येई आणि तोटा सरकारी तिजोरीवर पडे. शेवटी 2002 नंतर खासगी खरेदीला मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपला.

वाचकहो, चोरीला क्षमा नाही. परंतु नाक्यावर पहारा बसवण्याआधी केंद्रावर वेळेत माप आणि वेळेत दाम मिळाले असते, तर किती गाड्या रात्री निघाल्या असत्या? कायदा करणाऱ्यांनी आणि उद्या त्या जागी बसणाऱ्या आपल्या मुलांनी हा प्रश्न विसरू नये.